लेखणी आणि रंधा : सुधारगृहातील शिक्षणाची चिकित्सा

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तुरुंगाला मानाचे पान आहे. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात शिक्षा झालेले टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते आणि आगरकरांनी त्या एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिले. 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ही परंपरा पदवीच्या वर्गात अभिमानाने शिकवली जाते. प्रस्तुत लेखकही ती शिकवतो. परंतु या परंपरेला एक साधा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तुरुंगात गेलेल्या या माणसांच्या हातात लेखणी आली कोठून? तुरुंगाने ती दिली नव्हती. घरातून आणि शाळा-कॉलेजातून मिळालेली लेखणी घेऊनच ती आत गेली होती. तुरुंगाने त्यांना वेळ तेवढा दिला.

डोंगरीच्या त्याच जुन्या तुरुंगाच्या वास्तूत पुढे मुलांचे रिमांड होम आले. आज त्याला निरीक्षणगृह म्हणतात. ज्या भिंतींआड आगरकरांच्या एकशे एक दिवसांचे पुस्तक झाले, त्याच भिंतींआड नंतर मुलांच्या कितीतरी पिढ्या राहून गेल्या. त्यांच्या दिवसांना आपल्या अभ्यासक्रमात एक पानही नाही. ही मुले लिहिणारी नव्हती, एवढे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही. त्यांना आत ठेवणाऱ्या व्यवस्थेने त्यांना 'शिक्षण' देण्याची जबाबदारी कायद्याने घेतली होती. मग ते शिक्षण कसले होते, त्यामागची दृष्टी कोणती होती आणि आज ती बदलली आहे काय, याची चिकित्सा दलित विचाराने केली पाहिजे. कारण रिमांड होमच्या दारात पोलिसांच्या गाडीतून उतरणारी पोरे बंगल्यांतून आलेली नसतात. ती झोपडपट्टीतली, फुटपाथवरची, पालांवरची, बहुतांशी आपलीच असतात.

२

सुरुवात वाङ्मयापासूनच करू. 'श्यामची आई'मध्ये 'मोठा होण्यासाठी चोरी' नावाचे एक प्रकरण आहे. श्यामला पुस्तकाची ओढ आहे आणि त्या ओढीपायी तो घरी आलेल्या पाहुण्याच्या पैशाला हात लावतो. आईला ते कळते, श्यामला पश्चात्ताप होतो, आईच्या मायेने त्याचे मन धुऊन निघते. ही चोरी उंबऱ्याच्या आत घडते आणि उंबऱ्याच्या आतच मिटते. पोलीस येत नाहीत, पंचनामा होत नाही, मुलाची जात चोरीचे कारण म्हणून कोणी पुढे करीत नाही. इतकेच नव्हे, तर प्रकरणाच्या मथळ्यातच त्या चोरीला एक उदात्त हेतू मिळाला आहे. अस्पृश्यांना पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून १९४७ साली उपोषणाला बसलेल्या गुरुजींविषयी अनादर दाखवण्याचे येथे कारण नाही. उलट, चुकलेल्या मुलाशी मोठ्यांनी कसे वागावे याचा हा उत्तम धडा आहे. प्रश्न एवढाच आहे की, हा धडा कोणत्या मुलासाठी आहे?

या प्रकरणाशेजारी लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ठेवून पाहावे. हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या वस्तीतल्या पोराला खिसा कापण्याचे शिक्षण दिले जाते आणि मार सोसण्याची सवय हा त्या शिक्षणाचा पाया असतो. पोलिसांच्या हाती सापडल्यावर पोराने तोंड उघडता कामा नये, यासाठी घरचेच त्याला आधी मारून तयार करतात. आजोबाला पोलिसांकडे हजेरी दिल्यावाचून गाव सोडता येत नाही. आणि लक्ष्मण शाळेत जाऊ लागतो तेव्हा वस्तीतल्या पोरांना हगवण-उलट्या होतात व त्याचा ठपका त्याच्या शाळेवर येतो.

आपल्या समीक्षेने 'उचल्या'ची वाखाणणी 'दाहक अनुभव', 'अनोखे विश्व' अशा शब्दांत केली. ही वाखाणणी सोयीची आहे. विश्व अनोखे ठरले की त्याची जबाबदारी वाचकावर येत नाही. माझ्या मते 'उचल्या' हा मुळात शिक्षणाविषयीचा ग्रंथ आहे. त्यात तीन शाळा आहेत. एक जमातीची, दुसरी पोलिसांची आणि तिसरी सरकारची. पहिल्या दोन शाळांत प्रवेश सक्तीचा आहे आणि तेथे एकही दिवस खाडा चालत नाही. तिसऱ्या शाळेत मात्र पोर संशयित म्हणूनच पाऊल टाकते. वस्तीलाही त्याचा संशय आणि मास्तरालाही.

श्यामची चोरी ही चूक ठरते, आणि उचल्याच्या पोराची चोरी हा त्याचा स्वभाव ठरतो. चुकीला माणूस क्षमा करतो, स्वभावाला मात्र 'सुधारू' पाहतो. सुधारगृह या संस्थेची सारी कल्पना या भेदावर उभी आहे.

३

ही कल्पना आपल्याकडे कशी रुजली हे पाहण्यासाठी कायद्यांचा क्रम डोळ्यांखालून घालावा लागेल. १८५० साली ॲप्रेंटिसेस ॲक्ट झाला. त्यान्वये दहा ते अठरा वर्षांची मुले धंदा शिकण्यासाठी मालकाकडे बांधून देता येत. भटकणारी व किरकोळ गुन्ह्यांत सापडलेली मुलेही मॅजिस्ट्रेटला अशी बांधून देता येत. १८५७ सालापासून मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची रिफॉर्मेटरी चालू झाली. १८९७ च्या रिफॉर्मेटरी स्कूल्स ॲक्टने पंधरा वर्षांखालील गुन्हेगार मुलग्यांना तीन ते सात वर्षे अशा शाळेत ठेवण्याची तरतूद केली.

त्याच १८९७ साली आणखी एक गोष्ट घडली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याला दुरुस्ती होऊन, अशा जमातींची चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९११ च्या कायद्याने हा अधिकार सहा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी कायम ठेवला आणि त्यांच्यासाठी औद्योगिक, शेतकी व सुधारणा शाळा काढण्याची मुभा दिली. हाच कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला. रिफॉर्मेटरीत जाण्यासाठी मुलाच्या हातून निदान काही गुन्हा घडावा लागे. वसाहतीच्या शाळेत जाण्यासाठी गुन्ह्याचीही गरज नव्हती; विशिष्ट आईच्या पोटी जन्मणे पुरेसे होते. जन्मावरून कर्म ठरवण्याची आपली जुनी रीत इंग्रजांनी येथे कायद्याच्या भाषेत बसवली. तिला शास्त्राचा आधार होता, हिला कलमाचा आला, एवढाच फरक.

या शाळांचा अभ्यासक्रम त्यांच्या नावांतच सांगितला आहे. सुतारकाम, शिवणकाम, विणकाम, शेतकाम आणि या सर्वांच्या मुळाशी शिस्त. लिहिणे-वाचणे होते, पण ते कामगाराला लागेल इतपत. श्रमाला हलके लेखण्याची चूक दलित विचार कधीच करणार नाही. हा देश ज्यांच्या श्रमावर उभा आहे त्यांचीच आपण लेकरे आहोत. परंतु ज्यांच्या बापजाद्यांनी शतकानुशतके हाताने काम करण्यावाचून दुसरे काहीच केले नाही, त्यांच्या पोरांना श्रमाची गोडी लावण्यासाठी सरकारने खास संस्था काढाव्यात, यातला उपहास ओळखला पाहिजे. रंधा हे उत्तम हत्यार आहे. मात्र लेखणी नाकारून हातात दिलेला रंधा ही शिक्षा असते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे रयतेच्या पैशावर वरिष्ठांची मुले शिकतात आणि रयतेची मुले प्राथमिक शिक्षणालाही मुकतात, हे दाखवून दिले होते. सुधारणा शाळा हे त्याच व्यवहाराचे शेवटचे टोक होते.

सोलापूर शहरात या दोन दृष्टी शेजारी शेजारी दिसतात. तेथे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती आणि तिच्यातली माणसे गिरण्यांना मजूर म्हणून पुरवली जात. त्याच सोलापुरात १९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. सेटलमेंट आणि वसतिगृह या दोन्ही मुलाला राहायला जागा देणाऱ्या, वेळच्या वेळी उठवणाऱ्या, जेवू घालणाऱ्या संस्था. पण सेटलमेंट मुलाला आत ठेवते ती बाहेरच्या समाजाला त्याच्यापासून वाचवण्यासाठी. वसतिगृह मुलाला आत घेते ते त्याला सकाळी शाळेच्या फाटकातून सन्मानाने जाता यावे म्हणून. १९२८ साली दलित वर्ग व आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंट्सचा कारभार पाहिलेले अधिकारी होते आणि बाबासाहेब त्या समितीचे एक सभासद होते. एकाच टेबलाभोवती या दोन दृष्टी बसल्या होत्या, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. आजच्या बालन्यायव्यवस्थेला विचारायचा प्रश्न हाच आहे की, तिने या दोहोंपैकी कोणता वारसा उचलला?

४

शब्द पुष्कळ बदलले, हे मान्य केले पाहिजे. मुंबई प्रांताचा बालक कायदा १९२४ साली झाला, त्यापाठोपाठ १९२७ साली चिल्ड्रेन्स एड सोसायटी निघाली, १९४८ साली नवा कायदा आला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती 'विमुक्त' झाल्या. शीला बरसे यांनी तुरुंगात खितपत पडलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १९८६ साली देशभरासाठी एक बाल न्याय कायदा झाला. पुढे २००० चा आणि आता २०१५ चा. 'बालगुन्हेगार' जाऊन 'विधिसंघर्षग्रस्त बालक' आले. आरोपीच्या पिंजऱ्याऐवजी बाल न्याय मंडळ आले आणि त्यात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसू लागले. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा असे तत्त्व कायद्यात आले. कलम ५३ ने संस्थांमधल्या मुलांसाठी वयाला व गरजेला साजेसे शिक्षण सांगितले. कलम २४ ने बालपणीच्या गुन्ह्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता येऊ नये असे सांगितले. गंभीर गुन्ह्यांत प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांना मात्र त्यातून वगळले. कागदावर पाहिले तर श्यामच्या आईचे मन कायद्याने बऱ्याच अंशी स्वीकारले आहे.

आता याच कायद्याचा एक कागद बारकाईने वाचू. परिविक्षा अधिकाऱ्याला प्रत्येक मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल द्यावा लागतो. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत या अहवालाचा नमुना आहे. शाळा सुटण्याची कारणे तेथे छापून दिली आहेत आणि अधिकाऱ्याने त्यांतून निवड करायची आहे. नापास होणे, गोडी नसणे, संगत, घरासाठी कमावणे ही नेहमीची कारणे तीत आहेतच. पण त्याबरोबर शिक्षकांची बेपर्वाई, शाळेतले कडक वातावरण, शाळेतली शारीरिक शिक्षा आणि शाळेत झालेला अपमान हीही कारणे आहेत. दलित आत्मकथनांनी पानोपानी जे सांगितले ते येथे सरकारने आपल्या हाताने छापले आहे. शाळेत अपमान होतो आणि त्या अपमानाने मूल शाळेबाहेर पडते, हे राज्यसंस्थेला ठाऊक आहे. पण त्या खुणेचे पुढे काय होते? 'अपमान' या शब्दापुढे खूण झाली म्हणून एखाद्या शाळेला जाब विचारण्याची सोय त्या नमुन्यात नाही. अहवाल मुलाचा आहे, शाळेचा नाही. सुधारणा मुलाची व्हायची आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारीही हेच सुचवते. २०२२ साली अल्पवयीनांवर देशात तीस हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. पकडल्या गेलेल्या मुलांत चारांतली तीनहून अधिक सोळा ते अठरा वयाची होती. शिक्षणाच्या रकान्यात वर्षानुवर्षे मोठा भरणा दिसतो तो कधीच शाळा न पाहिलेल्या मुलांचा नव्हे, तर शाळेत जाऊन दहावीच्या आत थांबलेल्यांचा. म्हणजे ही मुले शाळेच्या हातात होती आणि शाळेने ती सोडली. आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याकडे पाहा. त्याचा हक्क सहा ते चौदा वयापुरता आहे. ज्या वयाला मूल मंडळापुढे उभे राहते, त्या वयाला त्याचा शिक्षणाचा हक्क संपून दोन-तीन वर्षे झालेली असतात. चौदाव्या वर्षी शिक्षणाचा दावा सांगण्याची सोय संपते आणि सोळाव्या वर्षी त्याला प्रौढ मानून खटला चालवण्याची सोय सुरू होते. ही दोन्ही वयोमर्यादा एकत्र ठेवून वाचल्याशिवाय या व्यवस्थेचा अर्थ कळणार नाही.

निरीक्षणगृहात शिक्षण का रुजत नाही, याचे कारण केवळ शिक्षकांचा अभाव हे नाही. मूल तेथे चौकशी चालू असेपर्यंत असते. चौकशी चार महिन्यांत पुरी व्हावी, फार तर दोन महिने वाढवावी, असा नियम आहे. कोणी आठ दिवसांनी जामिनावर जाते, कोणी सहा महिने राहते. एकाच खोलीत चौथीत शाळा सोडलेला आणि नववीत शिकणारा असे दोघे बसतात. एकाची भाषा मराठी, दुसऱ्याची हिंदी, तिसऱ्याची पारधी. अशा वर्गात अभ्यासक्रम पुढे सरकत नाही. मग प्रार्थना, नीतिपर गोष्टी, चित्रकला आणि हस्तव्यवसाय यांनी दिवस भरून काढला जातो. तिकडे त्याच्या मूळ शाळेत खाडे लागत असतात. मूल सुटून येते तेव्हा चाचणी गेलेली असते, कधी वर्ष गेलेले असते, आणि वर्गातले बाक त्याची वाट पाहत नसते. कायद्याने त्याची ओळख गुप्त ठेवली तरी वस्ती आणि शाळा यांच्यात गुपित टिकत नाही.

५

२०२४ च्या मे महिन्यात पुण्यात एका बड्या घरातल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेल्याची घटना सर्वांच्या स्मरणात आहे. मंडळाने त्याला काही तासांत जामीन दिला आणि इतर अटींबरोबर अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. लोक चिडले, त्या निबंधाची देशभर टवाळी झाली. पुढे मंडळाने आपला आदेश बदलून त्याला निरीक्षणगृहात पाठवले आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडण्याचा आदेश दिला.

या संतापात आपल्या चळवळीतलेही पुष्कळ कार्यकर्ते सामील झाले आणि कायदा आणखी कडक करा, वयाची अट खाली आणा, अशी मागणी करू लागले. या मागणीचा फेरविचार झाला पाहिजे. मेलेल्यांच्या आईबापांचे दुःख खरे आहे आणि पैशाच्या जोरावर न्याय वाकतो हा संशयही निराधार नाही. पण कायदा कडक झाला म्हणजे तो बंगल्याच्या दारापर्यंत पोचतोच असे नाही. तो आधी पोचतो पालावर आणि झोपडपट्टीत, जिथे वकील नाही, जामीनदार नाही आणि जन्माचा दाखलाही नाही. १८७१ पासूनचा अनुभव हाच आहे. म्हणून आपली तक्रार 'त्या मुलाला निबंध का दिला' ही नसावी. मोबाइल चोरलेल्या पारध्याच्या पोराला तेवढ्याच तत्परतेने जामीन का मिळत नाही, त्याच्या हातात कागद आणि पेन का दिले जात नाही, ही असावी. कायद्याने सांगितलेली माया एका वर्गाला मिळाली म्हणून ती सर्वांकडून काढून घ्या, असे म्हणणे हा समतेचा मार्ग नव्हे.

निबंधाची गोष्ट निघाली आहे तर याच पुण्यातला दुसरा एक निबंध आठवावा. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातल्या शाळकरी मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध छापून आला. ती फुले दांपत्याच्या शाळेची विद्यार्थिनी होती. ज्या समाजातून ती आली त्यातल्या अनेकांच्या नशिबी पुढे पोलिसांची हजेरी आली. पण तिच्या शाळेने तिला सुधारण्याचा विचार केला नव्हता. तिला वाचायला, विचार करायला आणि प्रश्न विचारायला शिकवले होते. त्यामुळे तिच्या निबंधात आरोपी ती नाही. धर्म आणि समाजच तिथे आरोपी आहेत. शिक्षण या शब्दाचा बहिष्कृतांच्या परंपरेतला अर्थ हा आहे. मुलाकडून कबुली घेणारे शिक्षण आणि मुलाला साक्ष द्यायला शिकवणारे शिक्षण यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सुधारगृहाचे शिक्षण आजवर पहिल्या प्रकारचे राहिले. मुलाच्या हातून जे वाईट घडले त्याची जबाबदारी त्याने समजून घेतलीच पाहिजे. ज्याचे नुकसान झाले तोही बहुधा आपल्यासारखाच गरीब माणूस असतो. पण जो आपले सारे जगणे शब्दांत मांडू शकतो त्यालाच आपली चूकही नीट कळते. ज्याच्याजवळ शब्दच नाहीत, तो फक्त मान खाली घालतो आणि त्यालाच संस्थेत सुधारणा म्हटले जाते.

६

हा लेख वाचणारे बरेचसे शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते आहेत. माझ्याप्रमाणे त्यांतले अनेक जण घरातले पहिले पदवीधर असतील आणि आपल्याबरोबर बालवाडीत बसलेली किती पोरे वाटेत गळाली, हे त्यांना मोजता येईल. म्हणून काही मागण्या आणि काही कामे मांडतो.

पहिली मागणी, निरीक्षणगृहात आलेल्या मुलाचे नाव मूळ शाळेच्या पटावर कायम राहावे, तेथील दिवस हजेरीत धरावेत आणि परीक्षा चुकल्यास पुन्हा घेतली जावी. दुसरी, संस्थेतल्या शिकण्याचा शेवट सुतारकामाच्या प्रमाणपत्रात न होता दहावी-बारावीच्या परीक्षेत व्हावा. ज्याला धंदा शिकायचा आहे त्याने जरूर शिकावा, पण पुस्तकाच्या बदल्यात नव्हे. तिसरी, शिक्षणाचा मूलभूत हक्क चौदाऐवजी अठरा वर्षांपर्यंत न्यावा. चौथी, 'शाळेतला अपमान' अशी नोंद झालेल्या प्रत्येक अहवालाची प्रत शिक्षणाधिकाऱ्याकडे मुलाचे नाव वगळून जावी आणि त्या शाळेची चौकशी व्हावी.

सरकारची वाट न पाहता करण्यासारखेही आहे. दहावी-बारावीला बाहेरून बसण्यासाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची वाट आहे. तो फॉर्म कधी भरायचा, दाखला नसेल तर काय करायचे, हे निरीक्षणगृहातून सुटलेल्या मुलाच्या आईला सांगणारा एक माणूस प्रत्येक वस्तीत लागतो. मंडळावरच्या सामाजिक सदस्यांच्या जागांची जाहिरात निघते तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी अर्ज केले पाहिजेत. त्या खुर्चीवर बसलेल्याला पाल म्हणजे काय हे ठाऊक असणे हा स्वतः एक न्याय आहे. कॉलेजांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी दरवर्षी एकाच गावाचा रस्ता झाडण्याऐवजी परवानगी काढून आठवड्यातून दोन दिवस निरीक्षणगृहात जावे आणि मुलांना लिहायला-वाचायला शिकवावे. तिथे नीतिकथा नेऊ नयेत. मुक्ताचा निबंध न्यावा, 'उचल्या' न्यावे, राज्यघटना न्यावी आणि 'श्यामची आई'तले ते चोरीचे प्रकरणही न्यावे. मुले त्याविषयी काय म्हणतात ते ऐकून घ्यावे, आणि त्यांना ते लिहायला सांगावे. जे लिहून येईल ते नावगाव वगळून छापण्याची जबाबदारी आपल्या नियतकालिकांनी घ्यावी.